पाण्याला जायला वाट

टेस्टरकाकांना कुणी भेटलं की ते आधी हात जोडायचे आणि मग शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून त्या माणसाच्या कपाळाला लावायचे. टेस्टर म्हणजे तो वायरमनचा, पिवळ्या दांड्याचा, स्क्रूड्रायव्हरसारखा. आत बारीक दिवा असतो, करंट असला की लागतो. बाकीच्यांच्या कपाळाला नुसता टेकवून हसायचे नि सोडून द्यायचे. माझ्या कपाळाला मात्र धरून ठेवायचे. ह्या बाजूनं बघायचे, त्या बाजूनं बघायचे, टेस्टर झटकायचे, परत लावायचे आणि मान हलवून बोलायचे, "नाखवा, सप्लाय नाही रे. वरनंच बंद आहे."

लोक हसायचे. मी पण हसायचो. खोटं कशाला बोलू, सप्लाय खरंच न्हवता.

नाखवा मला ते चिडवायला म्हणायचे. नाखवा म्हणजे होडीचा मालक, दर्यावर ज्याचा शब्द चालतो तो. आणि मी? मी कोळ्याच्या पोटी जन्मलो, पण होडीत पाय ठेवला की मला होडी लागते. नांगर उचलायच्या आधीच माझं सकाळचं जेवण दर्यात. बापानं तीन वर्षं दम धरला. शेवटी एक दिवस किनाऱ्यावर उतरवून बोलला, "तू वरच रहा बाबा. मासे जाळ्याकडं यायचे सोडून तुझ्याकडं जातात." शाळा दुसरीत सुटली होती, होडी अशी सुटली. मग लग्न झालं आणि बायकोच्या हाताखाली कामाला लागलो. ते काम अजून सुटलेलं न्हाय.

आमच्यात मासळी विकायची ती बाईनं. माझी हिरा उन्हाळाभर बोंबील, जवळा, बांगडे सुकवते आणि पावसाळ्यात, होड्या वर ओढल्या नि मासेमारीला बंदी आली, की ती सुकी मासळी म्हसळ्याच्या बाजारात आणि वरच्या गावांत नेऊन विकते. आमची पावसाळ्याची चूल त्याच्यावर. मी तिचा ड्रायव्हर. आधी जुनी पेट्रोलची गाडी होती, ती खाऱ्या हवेनं खाल्ली. मग घेतली इलेक्ट्रिक मोटारसायकल. हिरानं घेतली. मी फक्त दुकानात जाऊन "लाल दाखवा" एवढं बोललो होतो. तिनं काळी घेतली.

गाडी गावात आली आणि सगळा कोळीवाडा जमला. "पावसात करंट मारंल रे," एक बोलला. दुसरा बोलला, "एक वेळ तुला मारंल ते ठीक हाय, मागं हिरा बसलेली असंल." मी भ्यायलो. पहिल्या पावसाळी दिवशी मी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातले, हातात भांडी घासायचे रबराचे गुलाबी हातमोजे घातले, बुडाखाली ट्यूबचा तुकडा घेतला आणि निघालो. गमबुटात वरनं पाणी भरलं. दोन्ही पायांत एकेक बादली घेऊन गाडी चालवायची म्हणजे काय ते मला विचारा. सिग्नलसारखे गुलाबी हात घेऊन बुद्धवाडीच्या वळणावर आलो तर रस्त्याच्या कडेला टेस्टरकाका उभे.

काका तिथंच, वाडीच्या टोकाला राहायचे. पस्तीस वर्षं वीज खात्यात वायरमन होते. वादळात सगळं गाव दारं लावून बसलं की हा माणूस खांबावर. रिटायर झाले, काकी गेल्या, मुलगा पनवेलला नोकरीला, आणि हे इथं एकटे. पण गावातली लाईट गेली की अजून लोक त्यांच्याच दारात. विहारातले पंखे, आमच्या देवळातला भोंगा, मोहल्ल्यातल्या मशिदीची मोटार, तिन्हीकडचा फ्यूज काकाच बांधायचे. बोलायचे, "माझ्या वायरीला जात कळत नाही. चुकून हात लावला तर सगळ्यांना सारखीच धरते."

मला बघून त्यांनी हात केला. मी थांबलो. ते माझ्याभोवती एकदा फिरले. गुलाबी हातमोजे बघितले, गमबूट बघितले.

"नाखवा, कुठं निघालास? भांडी घासायला की भात लावायला?"

"काका, शॉक लागंल म्हणून."

"अरे, पस्तीस वर्षं मी भिजत लाईनवर काम केलं. वीज पाण्याला भीत नाही, पाणी विजेला भीत नाही. ज्यानं भ्यायचं तो माणूस. पण भ्यायचं म्हणजे नियमानं भ्यायचं. असं वेड्यासारखं नाही." मग टेस्टर काढून माझ्या कपाळाला लावला. "नाही रे. पूर्ण अंधार."

त्या दिवसापासनं मी त्यांचा शिष्य झालो. म्हणजे मी झालो, त्यांनी कधी कबूल केलं न्हाय.

पहिला धडा हा, की गाडीचं काही बिघडलं, ओलं झालं, काय पण झालं, की "आधी बंद, मग बघ, मग हात." चावी फिरव, काढ, खिशात टाक, मगच वाक. चार्जिंगला लावायच्या आधी हात कोरडे आणि गाडी छपराखाली. मी एकदा घाईत ओल्या हातानं पिन लावायला गेलो तर काकांनी हातावर असा फटका मारला की शॉक लागल्यासारखंच झालं. बोललो, "काका, विजेनं एवढं जोरात मारलं नसतं." बोलले, "विजेनं एकदाच मारलं असतं."

दुसरा धडा मुठीचा. ह्या गाडीला गिअर न्हाय, आवाज न्हाय, मूठ पिळली की बंदुकीतनं सुटल्यासारखी जाते. कोरड्यात मजा वाटते. पावसात आमच्या लाल मातीवर शेवाळ चढलेलं असतं. काका बोलायचे, "मूठ पिळायची नाही. विचारायची. जाऊ का? मग थोडं. जाऊ का? मग थोडं." मी एकदा विचारलं न्हाय. पुढनं दोन बायका येत होत्या, त्यांच्यापुढं जरा ऐट म्हणून पिळली. मागचं चाक पुढच्याच्या आधी पोचलं. मी, टोपली आणि पाच किलो जवळा सरळ शेतात. भात लावणाऱ्या माणसांनी मला उचलला, जवळा वेचला, आणि त्यातली म्हातारी बोलली, "खत चांगलं पडलं हो, अजून एक फेरी मारा." काकांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नाखवा, शेतात पण होडी लागली काय?"

आणि आवाज न्हाय ही वेगळीच भानगड. पावसात छत्री घेतलेल्या माणसाला एरवीच काही ऐकू येत न्हाय. त्यात ही गाडी मागनं भुतासारखी. हॉर्न पावसात सर्दी झाल्यासारखा वाजायचा. काका बोलले, "गाडीला आवाज नाही, पण तुला आहे ना? देवानं दिलेला वापर." तेव्हापासनं मी वळणावर तोंडानं ओरडत जातो, "बाजूऽऽ, बाजूऽऽ!" अजून जातो. वरच्या गावातल्या बायका आता गाडीची वाट बघत न्हायत. आवाज आला की टोप घेऊन बाहेर येतात. धंदा वाढला. हिरा सगळ्यांना सांगते की हे तिच्या डोक्यातनं आलं.

पण काकांचा मोठा धडा भोकाचा. ह्या माणसाच्या घरात एक वस्तू बिनभोकाची न्हवती. ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध तापल्या खिळ्यानं पाडलेलं भोक, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. मीटरच्या पेटीला खालनं भोक. फाटकावरच्या डब्याला भोक. स्वतःच्या गमबुटांना टाचेशी भोकं! मी बोललो, "काका, मग गमबूट घालायचा कशाला?" तर बोलले, "पाणी येणारच रे. तू कितीही बंद कर, ते कुठनं तरी येणारच. आपण फक्त त्याला जायला वाट ठेवायची. साचलं की घात." माझ्या गाडीच्या सीटखाली एक पेटी हाय, वायरींचे जोड असतात ती. तिच्या तळाला कंपनीनं बोटभर भोक ठेवलेलं. ते काकांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. "हे बघ. हुशार माणसानं केलेलं आहे. ह्याला हात लावू नको."

मी मान हलवली. माझी मान फार चांगली हलते.

त्यांची अजून एक सवय सांगायची राहिली. बाजाराच्या दिवशी ते कधी कधी माझ्या मागं बसून म्हसळ्याला यायचे. पण बसायच्या आधी गाडीला तीन फेऱ्या मारायचे आणि शेवटी कंबरेत वाकून खालनं बघायचे. टायर, ब्रेक, वायरी, ते भोक. सगळं. मी चिडवायचो, "काका, तुमच्यात देव न्हाय, मग प्रदक्षिणा कसली?" ते वाकल्या वाकल्याच बोलायचे, "ही तपासणी आहे. देव चुकला तर माफी, वायरमन चुकला तर माती." एकदा पण न वाकता बसले न्हाईत. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं न्हाय म्हणून पुढचं सगळं झालं.

त्या जुलैत काकांचा मुलगा, प्रवीणदादा, कार घेऊन आला. भला माणूस, बापासारखाच शांत. आधी पण दोन-तीनदा आला होता, दर वेळी तेच बोलायला. मी काकांच्या ओटीवर बनियन पिळत बसलो होतो.

"बाबा, तुमचं बीपी आहे. पावसात रस्ता बंद होतो, लाईट जाते. रात्री काही झालं तर कोण नेणार तुम्हाला?"

"लाईट गेली तर मी आहे," काका बोलले.

"तुम्हालाच काही झालं तर?"

काकांनी माझ्याकडं बोट केलं. "हा."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी पिळलेलं पाणी नेमकं त्याच्या बुटावर सोडलं होतं.

"ह्याच्या चार्जिंगच्या गाडीवरनं? पावसात?"

"पावसातच."

आता काकांची अडचण अशी की ते सगळ्या गावाला सांगून बसले होते. विहारात सांगितलं, आमच्या होड्यांजवळ सांगितलं, मोहल्ल्यात चहा पिताना सांगितलं. "मी खांबावरनं उतरलो तो इथं राहायला. पनवेलला सातव्या मजल्यावर परत चढायला नाही." लोक टाळ्या द्यायचे. मी सगळ्यात जास्त. मला वाटायचं काका गेले तर माझं कसं होणार. गाडीचं न्हाय, माझं. सकाळी वळणावर "सप्लाय नाही" ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत न्हवता.

तेवढ्यात दादाच्या मोबाईलवर त्याची मुलगी आली, आर्या, सात वर्षांची. "आजोबा, माझा पंखा बंद पडलाय, फिरतच नाही. बाबांना जमत नाही. तुम्ही कधी येता?" काकांनी तिला फोनवरच अर्धा तास पंखा उघडायला लावला. आधी बंद, मग बघ, मग हात. शेवटी पंखा काही लागला न्हाय. फोन ठेवल्यावर ते टेस्टर बोटांत फिरवत बसून राहिले. मला वाटलं पंख्याचा विचार करतायत.

मग एकदम बोलले, "ऐक प्रवीण. बुधवारी मला म्हसळ्याला दवाखान्यात बीपी दाखवायचं आहे. नाखवा नेईल. तू कार घेऊन मागनं ये. गाडी दवाखान्याच्या दारात पोचली तर मी इथंच राहणार, परत विषय नको. मधे थांबली, तर तुझ्याबरोबर पनवेलला. आठवड्यात सामान बांधतो."

"मधे म्हणजे एकदा पण?"

"एकदा पण. थांबली म्हणजे थांबली."

मंगळवारी दिवसभर असा पाऊस की समोरचं माडाचं झाड दिसेना. काकांचं राहणं न राहणं सगळं माझ्या दोन चाकांवर. संध्याकाळी मी ओटीवर गाडी घेऊन बसलो आणि ठरवलं, आज हिला अशी तयार करतो की थेंब आत जाणार न्हाय. आता मला सगळ्या आयुष्यात होडीचं एकच काम चांगलं जमलेलं हाय, कारण ते जमिनीवर होतं. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ भरायची, आणि मग सगळ्या अंगाला मुशी माशाचं तेल चोपडायचं. आमच्या बापजाद्यांच्या होड्या असल्याच तयारीवर तरल्या. आणि कोळ्याला तळाशी भोक दिसलं की त्याचा हात थांबत न्हाय. होडीला तळाशी भोक म्हणजे मरण. मी सीट उचलली, फटी बुजवल्या, आणि वाकून बघतो तर पेटीच्या तळाला हे एवढं भोक! काका काय बोलले होते ते त्या वेळी माझ्या डोक्यात कुठंच न्हवतं. कापूस ठासला, राळ भरली, अंगठ्यानं दाबली. वरनं सगळ्या गाडीला तेल.

हिरा चुलीजवळनं बोलली, "अवो, गाडी हाय ती. लोणचं न्हाय."

"तुला काय कळतंय होडीतलं," मी बोललो. तिला न्हाय, पण मला तरी होडीतलं काय कळत होतं?

बुधवारी सकाळी बाहेर आलो तर ओटीवर गावातली सगळी मांजरं गाडीभोवती गोल करून बसलेली. मुशीच्या तेलाचा वास काय असतो तो ज्याला माहीत हाय त्याला माहीत हाय. मी निघालो, मांजरं निघाली. काकांच्या दारात पोचलो तेव्हा सात होती, एक कुत्रा मधनं सामील झालेला.

काका रेनकोट घालून बाहेर आले. नाक हललं. गाडीला तीन फेऱ्या मारल्या, मांजरांना चुकवत. मग वाकले. खालनं बघितलं. बराच वेळ बघितलं. उठले, माझ्याकडं बघितलं, टेस्टर काढून कपाळाला लावला. मी "सप्लाय नाही" ऐकायला तयार. पण टेस्टर परत खिशात गेला. नुसता हलका हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मागं बसले.

"चल नाखवा."

मागनं दादाची कार. काच थोडी खाली केली होती, वास आल्यावर वर घेतली.

गाडी काय पळाली सांगू! सपाटीचा रस्ता, पाऊस तोंडावर, मी मूठ विचारत विचारत, वळणावर "बाजूऽऽ बाजूऽऽ". पुलावर पाणी असतं तर थांबलोच असतो, कारण काकांचा नियमच होता, जिथं पाण्याचा तळ दिसत न्हाय तिथं चाक घालायचं न्हाय. पण पूल मोकळा होता. मी मनात बोललो, जिंकलो. काकांना आता इथनं कोण नेत न्हाय.

आणि घाट लागला. तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. मुळात आवाजच न्हाय, त्यामुळं बंद पडलेली कळायला पण मला वेळ लागला. समोर लाल चिन्ह लागलं होतं, मी मूठ पिळतोय, तोंडानं "बाजूऽऽ" ओरडतोय आणि गाडी हळूहळू मागं यायला लागली. मागं दादाची कार. तो हॉर्न वाजवतोय. काका मागनं शांतपणे बोलले, "नाखवा, बाजू आपणच होतोय. ब्रेक दाब."

बाजूला एसटीची शेड होती. तिथं ढकलत नेली. आधी बंद. चावी खिशात. मग बघ. सीट उचलली तर आतली पेटी पाण्यानं काठोकाठ. त्यात वायरींचे जोड पोहत होते.

"नाखवा, खालचं भोक कुठं आहे?"

"बुजवलं."

"कशानं?"

"कापूस. राळ. वरनं मुशीचं तेल."

"कशाला?"

"पाणी येऊ नये म्हणून."

काका शेडच्या बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतनं पाणी. "अरे, पाणी वरनं आलं, तू बुजवलेल्या सीटच्या फटीतनंच. खालनं ते जाणार होतं!" दादा पण हसायला लागला. मी एकटा रडकुंडीला. मग काकांनी टेस्टर घेतला, खालनं तो बोळा उकरायला लागले. निघता निघेना. शेवटी सुटला तसं सगळं पाणी माझ्या पायावर. पेटी त्यांनी स्वतःच्या नॅपकिननं टिपली, जोड सुटे केले, वाळवले, अर्धा तास हात लावू दिला न्हाय. मग चावी फिरवली. लागली!

मी उड्या मारल्या. "काका, चालू झाली! गाडी चांगली हाय, गाढव मी हाय! ही काही थांबण्यात धरू नका!"

आणि ऐका, प्रवीणदादा स्वतः बोलला, "बाबा, खरंच. ही गाडीची चूक नाही. राहू दे, आपण परत कधीतरी बघू."

काका रेनकोटची बटणं लावत बोलले, "थांबली म्हणजे थांबली."

"पण काका..."

"नाखवा, शब्द दिलाय मी. आता चल, दवाखान्यापर्यंत तुझ्या मागंच बसतो. निघालोय ह्या गाडीवर, पोचणार पण ह्याच गाडीवर."

आणि गाडी पोचली, एकदाही न थांबता, दवाखान्याच्या दारात. डॉक्टरीणबाईंनी काकांचं बीपी बघितलं, एकदम चांगलं. मग सहज माझं बघितलं आणि मला तासभर झोपवून ठेवलं.

आठवड्यानं काका पनवेलला गेले. सगळं गाव वळणावर आलं होतं, विहारातले, आमचे, मोहल्ल्यातले. त्यांनी प्रत्येकाला फ्यूज कसा बांधायचा ते परत एकदा सांगितलं. मला बघून टेस्टर काढला, कपाळाला लावला, आणि मग तो माझ्याच खिशात टाकला. "ठेव. रोज बघत जा. कधीतरी येईल सप्लाय." मी नुसता खिसा दाबून धरला. तोंड उघडलं असतं तर "बाजूऽऽ" शिवाय काही निघालं नसतं. त्यांना गावातनं काढणारा मीच, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं भली म्हणून कुणी बोललं न्हाय. पण मांजरं बघितली की हसायची.

सबंध वर्ष मला ते लागून राहिलं. यंदा जूनमध्ये हिरा टोपलीवर प्लास्टिक बांधत होती आणि मी गाडीला तीन फेऱ्या मारून, वाकून, टेस्टरनं ते भोक साफ करत होतो. काकांची सवय मला लागली होती. हिरा बघत होती. सहज बोलली, "अवो, काका बसायच्या आधी असंच वाकायचे ना?"

"व्हय. एकदा पण चुकले न्हाईत."

"त्या बुधवारी वाकले होते?"

"वाकले की. बराच वेळ बघत होते."

हिरानं माझ्याकडं बघितलं. प्लास्टिकची गाठ मारली, टोपली उचलली. मी मात्र तसाच वाकलेला राहिलो. पस्तीस वर्षं अंधारात तुटलेली तार शोधणारा माणूस. त्याला नाकाखालचा काळा बोळा दिसला न्हाय?

मी फोन लावला.

"बोल नाखवा! पाऊस आहे ना? भोक मोकळं आहे?"

"मोकळं हाय. काका, त्या बुधवारी तुम्ही वाकून बघितलं होतं. बोळा दिसला होता तुम्हाला."

पलीकडं मागं आर्याचा आवाज आला, "आजोबा, बंद केलं, बघितलं, आता हात लावू?"

"थांब, आलो," काका तिला बोलले. मग मला हळू आवाजात, "नाखवा, राळ चांगली भरतोस हां तू. काढताना हात दुखला माझा. कुणाला बोलू नको."

"मग त्याच वेळी सांगायचं होतं ना! मी वर्षभर स्वतःला शिव्या घालतोय!"

"अरे, सगळ्या गावाला सांगून बसलो होतो, जाणार नाही म्हणून. मी पण सगळीकडनं बुजवूनच घेतलं होतं की रे. जायला वाटच राहिली नव्हती, ती तू करून दिलीस." मग हसले. "इथं गॅलरीतल्या कुंड्या सगळ्या बंद होत्या खालनं. सूनबाई ओरडली, पण पाडली भोकं."

मी कुणाला बोललो न्हाय. फक्त गावाला सांगितलं.

"टेस्टर आहे ना जवळ?" काकांनी विचारलं.

"हातातच हाय."

"लाव कपाळाला."

मी लावला. भर ओटीवर, बायकोसमोर.

"लागला?"

मी डोळे वर करून बघितलं. ह्या बाजूनं, त्या बाजूनं. झटकून परत लावला. "न्हाय काका."

"नाही? एवढं सगळं कळलं तरी?"

"न्हाय."

पलीकडं पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला, आर्या ओरडली. मग काका बोलले, "मग टेस्टरच खराब झाला असेल रे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोष टेस्टरला दिला. मी तो पुसून खिशात ठेवला, हिराला मागं घेतली आणि वळणावर असा ओरडलो की वरच्या गावापर्यंत ऐकू गेलं असंल.